मालिका नेमकी कधी संपावी? (आणि 'चार दिवस सासूचे'चा शेवट कुणाला आठवतोय का?)

अनघा_बार्शीकर

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण तसं फुटकळ आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

गेल्या सोमवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, टीव्ही बंद, मोबाइल बंद. दुपारी पडल्यापडल्या एकदम म्हणाली, "अनू, त्या चार दिवस सासूचेचं शेवटी काय झालं गं?" मला आधी कळेचना कशाबद्दल बोलतेय. मालिका संपून इतकी वर्षं झाली!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : 'चार दिवस सासूचे' ईटीव्ही मराठीवर २००१ च्या शेवटाला सुरू झाली तेव्हा मी पाचवीत होते. २०१३ च्या जानेवारीत ती संपली तेव्हा मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. मधल्या अकरा वर्षांत आमच्याकडे आजी गेली, बाबा रिटायर झाले, टीव्ही दोनदा बदलला, मालिका मात्र तीच. तीन हजारांवर भाग. आणि ज्या संध्याकाळी शेवटचा भाग लागला त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. म्हणजे आईनं अकरा वर्षं नेमानं बघितलेल्या मालिकेचा शेवट आईला माहीतच नाही, आणि ही गोष्ट तिनं इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

तर प्रश्न दोन. पहिला सोपा : शेवट काय होता? दुसरा असा की मालिका कधी संपावी? माझं मत, वर्षाच्या आत. सतीश राजवाडेंची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि डिसेंबरात संपलीसुद्धा. घना-राधा अजून लोकांना आठवतात. बाकीच्या मालिका म्हणजे पाहुणे वाढले की आमटीत घातलेलं पाणी.

तिखटजाळ

नावात चार दिवस आणि प्रत्यक्षात अकरा वर्षं. म्हणीतले पुढचे 'चार दिवस सुनेचे' दाखवले असते तर २०२४ उजाडलं असतं.

पेठेतला_बाळू

तिखटजाळ, ते दाखवून झाले! त्यातली सून अनुराधा म्हणजे कविता लाड. त्याच कविता मेढेकर २०२३ मध्ये 'तुला शिकवीन चांगलाच धडा'त भुवनेश्वरी नावाची खमकी सासू झाल्या. चॅनल तेवढं बदललं, म्हण पूर्ण झाली.

मृण्मयी_प

आणि सासू आशालता म्हणजे रोहिणी हट्टंगडी जानेवारी २०१३ मध्ये तिथून मोकळ्या झाल्या आणि जुलैत 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये श्रीची आईआजी म्हणून हजर! सहा महिन्यांत सासूची आजेसासू. इतकं जलद प्रमोशन सरकारी खात्यात कुणाला मिळालेलं नाही.

(शेवट मलाही आठवत नाही. बघितला होता हे नक्की.)

तिखटजाळ

'होणार सून'चा विषय निघालाच आहे तर त्यातल्या नायिकेच्या, जान्हवीच्या, बाळंतपणाला दोन मिनिटं शांतता पाळू या. हत्तिणीलाही एवढे दिवस लागत नाहीत.

मृण्मयी_प

काहीही हं तिखटजाळ!

निष्कर्षनाथ

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. मालिका कधी संपावी, यापेक्षा ती सुरूच का व्हावी हे विचारा. रोज अर्धा तास कुणाच्या तरी घरातली कटकारस्थानं बघून काय मिळतं? आमच्या घरी केबल नाही आणि आमचं काहीही अडत नाही.

पेठेतला_बाळू

निष्कर्षनाथ, मालिकांच्या प्रत्येक धाग्यावर तुम्ही हाच प्रतिसाद देता. तुमचीही मालिकाच झाली की हो. कधी संपणार?

मधली_आळी

अनघाताई, आईंच्या डोळ्याला लवकर आराम पडो. पट्टी असेपर्यंत रेडिओ लावून द्या, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तोच कामाला आला.

आता जुन्या माणसाचं चार ओळींचं पुराण. 'हम लोग' लागायची तेव्हा (१९८४-८५) आमच्या चाळीत तीन टीव्ही होते. दीडशेच्या आसपास भाग झाले आणि संपली. शेवटी अशोककुमार येऊन त्या दिवसाचं तात्पर्य सांगायचे. आम्ही पोरं त्याला हसायचो, पण मोठी माणसं गप्प होऊन ऐकायची. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ती माणसं चाळीतलीच वाटायची. संपली तेव्हा चुकल्यासारखं झालं, पण पुरे झालं असं कुणी म्हणालं नाही.

नंतर नव्वदीत सह्याद्रीवर 'दामिनी' आली, अधिकारी ब्रदर्सची. प्रतीक्षा लोणकर पत्रकार. मराठीत रोजच्या रोज लागणारी मालिका ही सवय तिनं लावली. ती दुपारी लागायची. आमच्या शेजारच्या काकू त्या वेळात दाराला कडी लावायच्या. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला तरी बाहेर उभा. एकदा त्यालाच आत बोलावून खुर्ची दिली होती आणि जाहिराती लागल्यावर सही केली. तीसुद्धा दीडेक हजार भाग चालली म्हणतात. म्हणजे लांबण लावायला खाजगी वाहिन्याच लागतात असं काही नाही.

'चार दिवस'चा शेवट मला ठाऊक नाही. त्या वेळेला आमच्याकडे बातम्या लागायच्या. म्हणजे मी लावायचो आणि बायको दुसऱ्या खोलीत जायची.

नागपुरी_संत्रं

आमच्या राधिकाचं कुणी नावच घेईना! 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ च्या ऑगस्टात सुरू, २०२१ च्या मार्चात संपली. साडेचार वर्षांत नवऱ्याला धडा शिकवता शिकवता बाई मसाले विकून कोट्यधीश झाली. नवऱ्याची ती शनाया तर दोनदा बदलली, रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, परत रसिका सुनील आली. नवरा गुरुनाथ तोच! मायबाई, बदलायचा तो सोडून बाकी सगळं बदललं.

राधिका झालेल्या अनिता दाते नाशिकच्या, तरी वऱ्हाडी मस्त बोलल्या, हे मात्र मानावं लागेल. माही मावशी म्हणे, "एवढ्या वर्षात तं कोर्टातूनही फारकत भेटते."

शब्दकामाठी

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं. मी सहा वर्षं मालिकांचे संवाद लिहिले. नावं सांगणार नाही, विचारूही नका. आता जाहिरातींचं लिहितो.

"पाणी घालतात" हे सगळे म्हणतात, पण पाणी घालायलाही कौशल्य लागतं हो! गंमत सांगतो. एक भाग जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा. साधारण एका पानाला एक मिनिट धरतात. दिवसाला एक भाग शूट झाला पाहिजे, नाहीतर रात्री टेलिकास्टला दाखवायला काही नाही. कागदावर आठवड्याभराच्या भागांची 'बँक' हवी असते. प्रत्यक्षात दोन दिवसांची असेल तर निर्माता पेढे वाटतो. मी लोकलमध्ये उभ्यानं सीन टाइप करून सेटवर पाठवलेत, तिकडे नायिकेच्या केसांना ड्रायर चालू असायचा.

मग पान भरायचं कसं? एक, सण. गणपती, मंगळागौर, दिवाळी, हळदीकुंकू, वटपौर्णिमा. पंचांग हे आमचं सगळ्यात मोठं कथाबीज. दोन, चेहरे. खोलीत अकरा माणसं उभी आहेत आणि सासूनं एक वाक्य टाकलं, की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जाणार, वर ढण्ण ढण्ण ढण्ण. अकरा चेहरे म्हणजे पाऊण मिनिट, म्हणजे माझं पाऊण पान वाचलं. तुम्ही त्याला हसता, आम्हाला त्यात झोप मिळायची. तीन, दारामागे उभं राहून अर्धवट ऐकणं. यावर दोन आठवडे निघतात.

आणि चार, माणसांच्या अडचणी. नटाला नाटकाचा दौरा लागला की त्याचं पात्र कंपनीच्या कामासाठी बेंगळुरूला. एका बालकलाकाराची दहावी होती, तर त्याला "आत्याकडे" पाठवलं. परीक्षा संपली, निकाल लागला, पोरगं कॉलेजात गेलं. आम्ही त्याला परत आणायचं विसरलो. मालिका संपली तरी तो आत्याकडेच आहे.

आता अनघाताईंच्या प्रश्नाचं उत्तर. शेवट कुणालाच आठवणार नाही, कारण शेवट लिहायला वेळच नसतो. मालिका मनाला येईल तेव्हा संपत नाही. दर गुरुवारी बार्कचे (टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचे) आकडे येतात. तीन-चार गुरुवार वाईट गेले की चॅनल आधी 'महाएपिसोड' मागतं, मग लीप (गोष्टीत काही वर्षांची उडी) मागतं, मग वेळ बदलतं. तरी आकडा हलला नाही की फोन येतो, "पुढच्या महिन्यात नवीन शो येतोय, गुंडाळा." चार वर्षं तापवलेलं भांडण मग आठ भागांत मिटवायचं. खलनायिकेला एका रात्रीत पश्चात्ताप. निम्मे नट तोवर दुसऱ्या मालिकेच्या लुक टेस्टला. शेवटच्या सीनला जे हजर असतील त्यांना घेऊन देवघरासमोर ग्रुप फोटो. संपलं.

माझ्या शेवटच्या मालिकेच्या शेवटच्या महिन्याचे पैसे अजून आलेले नाहीत. आमच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे मिळतात. त्या नव्वद दिवसांनी मालिका नसते, ऑफिस नसतं, फोन उचलणारा मुलगाही बदललेला असतो. निर्मात्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही.

मृण्मयी_प

शब्दकामाठी, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका. तो आत्याकडे राहिलेला मुलगा! हसून हसून पुरेवाट.

तिखटजाळ

बा आठवली. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'त वीस वर्षांची लीप आली, नातवंडांना नातवंडं झाली, घरातली म्हातारी बा जशीच्या तशी. यमदूत दारामागे उभं राहून अर्धवट ऐकत असणार.

मँचेस्टरचा_मंग्या

तुम्ही अकरा वर्षांना घाबरता? मी जिथे राहतो त्या गावाजवळच्या काल्पनिक गल्लीवरची 'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. सुरुवातीला म्हणे तेराच भाग करायचे ठरले होते. विल्यम रोच नावाचे आजोबा पहिल्या भागापासून त्यात केन बार्लो आहेत. कॉलेजकुमार म्हणून आले, आता नव्वदी ओलांडली. गिनीजमध्ये नोंद आहे. मालिकेतला पब, दुकान, गल्लीचं वळण, इथल्या माणसांना स्वतःच्या माहेरासारखं पाठ.

माझी घरमालकीण (ब्याऐंशी वर्षांची) सांगते की तिची आई बघायची, ती बघते, तिची नात बघते. मी तिला विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, गल्लीचा कधी कंटाळा येतो का? बाई खवट आहे, पण मुद्दा बरोबर वाटला. इथे मालिका 'संपावी' असं कुणी म्हणत नाही. माणसं येतात, मरतात, लग्न करून जातात. गल्ली राहते. आपल्याकडे एका नायिकेच्या खांद्यावर सगळं ओझं टाकतात. तिचं लग्न लागलं की गोष्ट संपलेली असते, पण दुकान चालू ठेवायचं असतं. मग ती पळवली जाणार, स्मृती जाणार, जुळी बहीण येणार.

अमेरिकेतली 'गायडिंग लाइट' तर १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला टीव्हीवर आली आणि २००९ ला संपली. बहात्तर वर्षं. पैसा साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचा. त्यावरूनच सोप ऑपेरा हे नाव पडलं.

पेठेतला_बाळू

तरीच एवढा फेस.

निष्कर्षनाथ

बहात्तर वर्षं साबण लावून निष्पन्न काय झालं, हे मंग्यांनी सांगितलेलं नाही.

आकेरी_तिठो

मालिका खय संपता? आमच्या आकेरीक येवन बघा!

'रात्रीस खेळ चाले' पयली २०१६ ला आली. तेव्हा सुरुवातीला कोकणाची बदनामी करतात, भुताखेतांचा गाव म्हणून दाखवतात अशी ओरड झाली होती. आठ महिन्यांत ती संपली. गंमत बघा, गोष्ट सुरूच अण्णा नाईक मेल्यावर होते. पण लोकांना मेलेल्या अण्णांचंच कुतूहल. म्हणून २०१९ ला दुसरा भाग काढला तो आधीचा काळ दाखवणारा, अण्णा जिवंत. माधव अभ्यंकरांनी असा काय रंगवला की शिव्या द्याव्यात की टाळ्या वाजवाव्यात कळेना. आणि मग शेवंता. तिसरा भाग २०२१ ला.

आता मालिका बंद, पण नाईकांचा वाडा बघूक गाडये येतच रवतत. पुण्याचा एक गृहस्थ माका विचारता, "शेवंताचं घर कुठे?" मी म्हटलंय, "ता गेला, अण्णा रवले हत, भेटतास?" मागे वळून न बघता गाडीत बसलो तो.

वसगडेकर

आकेरी, सेम टु सेम. आमच्या वसगड्यात 'तुझ्यात जीव रंगला'चा वाडा होता. २०१६ ते २०२१ ची सुरुवात. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, रंकाळ्यावर भेळ खायची आणि मग राणादाचं घर बघायला वसगडं. असं टूरच ठरलेलं! सुट्टीच्या दिवशी आमच्या गल्लीत टू-व्हीलर काढता यायची नाही. एक बाई तर मालिकेतल्या मास्तरीण नायिकेबद्दल आमच्या आईला विचारती, "पाठकबाई घरात हायत का?" आई म्हणली, "शाळेत गेल्यात." बाई थांबली की वो तासभर!

कधी संपावी म्हणाल तर राणादा कुस्ती जिंकला तिथंच संपायला पाहिजे होती. नंतर नंतर गोष्ट लई भरकटली. पण गावातल्या चार पोरांना लाइट धरायचं, जेवण वाढायचं काम मिळालं हुतं. त्यांना विचारलं तर म्हणतील अजून दहा वर्षं चालू द्या, चालतंय की.

फोंडेकर

कोविडमधली मजा विसरला की काय सगळे. २०२० च्या मार्चात शूटिंग बंद, जुलैत नवे भाग सुरू. नवरा-बायको एकमेकांपासून सहा फुटांवर उभे राहून प्रेमाचं बोलायचे. मग २०२१ च्या एप्रिलात महाराष्ट्रात परत बंदी आली आणि निम्मी मराठी मालिकासृष्टी आमच्या गोव्यात उतरली. एका आठवड्यात बघावं तर सगळ्या मालिकांची कुटुंबं एकाच वेळी "जरा हवापालट" म्हणून नारळाच्या झाडांखाली. मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली, मग बिचारे परत गाठोडी बांधून निघाले. शब्दकामाठी, तेव्हा तुम्ही लिहीत होता का?

शब्दकामाठी

होतो. "सगळे मिळून फार्महाउसवर जाऊ या" हे वाक्य मी त्या महिन्यात नऊ वेळा लिहिलं.

मृण्मयी_प

अनघा, तुझ्या 'वर्षाच्या आत'ला मी सहमत नाही. काही गोष्टींना वेळ लागतो. 'आई कुठे काय करते'चं पहिलं दीड-दोन वर्ष आठव. अरुंधतीला नवऱ्याचं बाहेर काय चाललंय हे कळायला लागलेला वेळ, कळल्यावर लगेच बॅग न भरणं, पोरांची तोंडं बघणं, सासऱ्यांनी तिच्या बाजूनं उभं राहणं. हे तीनशे भागांशिवाय पटलंच नसतं. माझ्या मामीनं त्या काळात पंचवीस वर्षांनी नोकरी धरली. मालिकेमुळे धरली असं म्हणणार नाही, पण मामाला घरात सांगताना तिनं अरुंधतीचं नाव घेतलं होतं.

पण मग काय झालं? मूळ बंगाली 'श्रीमोयी' २०२१ च्या डिसेंबरात संपली. आपली त्यानंतर तीन वर्षं चालू, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत. अरुंधती स्वतःच्या पायावर उभी राहिली, दुसरं लग्न झालं, तो नवराही गेला, परत एकटी. शेवटी तर संध्याकाळची साडेसातची वेळ काढून दुपारी अडीचला टाकली. म्हातारं माणूस हॉलमधून मागच्या खोलीत हलवतात ना, तसं. मामीनं तोवर सोडली होती.

त्यामुळे माझं उत्तर, नायिकेला जे कळायचं आहे ते तिला कळलं की संपवा.

मधली_आळी

मृण्मयीताई, उत्तम उदाहरण. माझं 'वादळवाट'. अदिती सारंगधरची वकील रमा चौधरी, अरुण नलावडेंचे आबा, आणि सुरुवातीला अशोक पत्कींचं ते शीर्षकगीत. चार वर्षं चालली, पण पहिल्या वर्षातली रमा आणि शेवटच्या वर्षातली रमा एकच बाई आहे यावर माझा विश्वास बसत नाही. 'आभाळमाया'चंही थोडं तसंच, जरी सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी मी आजही बघेन. त्या मालिकेत बाई कॉलेजात शिकवायला जायची, पेपर तपासायची, दमायची. आताच्या नायिका नेमकं काय काम करतात तेच समजत नाही. भरजरी साडी नेसून किचनच्या ओट्याशी उभ्या.

पेठेतला_बाळू

ऐतिहासिक मालिकांना हा प्रश्न नाही. 'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७ ते २०२०. शेवट काय आहे हे पहिल्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. तरी शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे बाबा टीव्हीसमोरून उठून गॅलरीत जायचे. बघवायचं नाही, पण आवाज ऐकायचे.

सुमन_गोखले_नव्हे_सुमनमावशी

मी इथे सहसा लिहीत नाही, नात टाइप करून देते आहे.

अनघा, तुझ्या आईला सांग, शेवटचा भाग मी बघितला आहे. पुरा बघितला. संक्रांत आठवड्यावर होती, मांडीवर तिळाचं सूप होतं, निवडत बसले होते. लाइट होते, पाहुणे नव्हते, फोन वाजला नाही. आणि शपथेवर सांगते, काय झालं ते मला आठवत नाही. रोहिणीताई काहीतरी बोलल्या, सगळे उभे होते. बस.

पण माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या ते आठवतं. आमचं दोघींचं कधी पटलं नाही, आता लपवून काय करायचं. बेचाळीस वर्षं एका ओट्यावर दोघींनी स्वयंपाक केला आणि मीठ किती यावरसुद्धा एकमत झालं नाही. पण ती मालिका लागली की त्या हाक मारायच्या, "ये गं, लागली." मी हात पुसत जायची. त्या अनुराधाची बाजू घ्यायच्या आणि मी आशाताईंची. हो, उलटं! त्या म्हणायच्या, "किती छळते बाई सुनेला." मी मनात म्हणायचे, बोला, बोला.

मालिका संपली त्या रात्री त्यांनी विचारलं, "आता उद्या या वेळेला काय लागणार?" मी म्हटलं, लागेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. मीच जाऊन बसले. त्या वर्षी आषाढात त्या गेल्या.

तर कधी संपावी ते मला काही सांगता येत नाही. नात म्हणते, धाग्याचा विषय तोच आहे आजी. असू दे.

तिखटजाळ

मावशी, नमस्कार करतो. आज विनोद नाही.

निष्कर्षनाथ

सुमनमावशी, माझ्या आईचंही 'दामिनी'चं असंच काहीसं होतं. हे मी आधीच्या प्रतिसादांत लिहायला हवं होतं.

पेठेतला_बाळू

अरे कुणीतरी स्क्रीनशॉट काढा. निष्कर्षनाथांचा ट्रॅक बदलला! लीप आली.

नागपुरी_संत्रं

भाऊ, हे सगळं ठीक आहे, पण पंचवीसेक प्रतिसाद झाले आणि शेवट कोणालेच माहीत नाही? तीन हजार भाग लोकांनी का झोपेत पायले?

शब्दकामाठी

म्हटलं नव्हतं?

अनघा_बार्शीकर

सगळ्यांचे आभार. आईची पट्टी काल निघाली, चष्म्याचा नंबर महिन्यानं मिळेल. संध्याकाळी पूर्ण धागा तिला मोठ्यानं वाचून दाखवला. आत्याकडे राहिलेल्या पोरावर हसली, सुमनमावशींच्या प्रतिसादावर मला दोनदा थांबवून परत वाचायला लावलं, आणि मधली_आळींना "साडीचं अगदी बरोबर बोललात" असा निरोप आहे.

मग जरा वेळानं खरी गोष्ट बाहेर आली. ट्रान्सफॉर्मर जळाला त्या दिवशी शेजारच्या देशपांडेकाकू सोलापूरला लग्नाला गेल्या होत्या, त्यांचाही शेवटचा भाग हुकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून त्यांनी आईला विचारलं, "काय झालं हो शेवटी?" अकरा वर्षं काकूंचा एखादा भाग बुडला की तो सांगायचं काम आईकडे असायचं. मी पण नाही बघितला, हे तिच्या तोंडून निघेना. तिनं तिथल्या तिथे एक शेवट रचून सांगितला. चांगला दहा मिनिटांचा. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आता डोळ्याला पट्टी बांधून पडल्यावर तिला वाटायला लागलं, आपण सांगितलं ते निदान खऱ्याच्या जवळपास तरी होतं का.

मी म्हटलं, अगं मग तुझा शेवट काय होता तो सांग, धाग्यावर तोच टाकते. तर बराच वेळ विचार करून म्हणाली, "ते आता देशपांडेकाकूंनाच विचार बाई, मला नाही आठवत."